कार्डाचा नंबर

मागच्या आठवड्यात पुण्याहून भाचीचा फोन आला. मामाची तब्येत, मामीचे गुडघे, अकोल्याचं ऊन हे सगळं तिनं भराभर उरकलं आणि मुद्द्यावर आली. नव्या पिढीचं ग्राफिक्स कार्ड बाजारात आलंय, जुन्याच्या जवळपास दुप्पट भाव आहे, घेऊ का? "तू म्हणशील तसं करते, मामा." याचा अर्थ घ्यायचं तिचं कधीच ठरलंय आणि आईसमोर उभं करायला एक जाणतं माणूस हवंय. एवढं न कळण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही.

अकोल्यात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा नव्यानं येतो, कारण कार्डाची पिढी दर दीड-दोन वर्षांनी बदलते. माणसाची पिढी बदलायला निदान लग्न-बिग्न लागतं, इथे नुसता डब्यावरचा आकडा बदलला की झालं. माझं भाषण तयार असतं. तुझा मॉनिटर कोणता? पॉवर सप्लाय किती ताकदीचा? मे महिन्यात तुझ्या खोलीत कूलर असतो की नुसता पंखा? गिऱ्हाईक हे सगळं मान हलवत ऐकून घेतं आणि शेवटी म्हणतं, "ते ठीक आहे भाऊ, पण देता कितीले?" भाचीनंही तेच केलं. तिला म्हटलं, थांब, तुला यातली एक खरी गोष्ट सांगतो. तर म्हणाली, मामा, आत्ता क्लास आहे, लिहून पाठव. मग घे म्हणावं, लिहितोच.

मी तेव्हा अमरावतीला शिकत होतो. घर अकोल्यात, आणि अकोल्यात कॉलेजं नव्हती अशातला भाग नाही. पण आमच्याकडे अकोल्याचा पोरगा अमरावतीत शिकतो आणि अमरावतीचा अकोल्यात. घरच्यांच्या नजरेआड राहता येतं आणि रविवारी मळके कपडे घेऊन घरीही जाता येतं. कापसाची ती वर्षं कशी होती हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या जिल्ह्यांची नावं पेपरात पहिल्या पानावर यायची, पांढऱ्या गाड्यांचे ताफे धुरळा उडवत जायचे आणि साहेब येणार म्हणून आधी रस्ते तेवढे नीट व्हायचे. आम्ही विशीतली पोरं होतो, आम्हाला हसायला काहीही पुरत असे. पण घरोघर बापांची भाषा बदलली होती. ज्यांनी पोराला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर नेऊन हे आपलं, ते आपलं असं दाखवलं होतं, तेच आता म्हणायचे, शेती सोडून काय वाट्टेल ते कर.

माझ्या खोलीत राहणारा मित्र होता अंजनगाव सुर्जीचा. घरी पानमळा होता. विहिरीचं पाणी खाली गेल्यामुळे त्याच्या वडिलांनी निम्मे वेल काढून टाकले होते आणि उरलेले निम्मे मुलासारखे जपले होते. खरा मुलगा मात्र त्यांना मळ्यात नको होता. मुलालाही मळ्यात राहायचं नव्हतं. त्याला रेल्वेचं इंजिन चालवायचं होतं. आज-काल सुचलेलं नव्हे हे. त्यांच्या गावावरून नॅरोगेजची छोटी गाडी जायची, म्हशी रुळावर बसल्या की थांबायची, कोणी हात दाखवला तरी थांबायची. त्या गाडीच्या ड्रायव्हरनं लहानपणी याला एकदा इंजिनात उचलून घेतलं होतं आणि शिटी वाजवू दिली होती. झालं, तेव्हापासून हा दुसरं काही बोलेना. आम्ही सगळे त्याला ड्रायव्हर म्हणायचो.

बाकीची पोरं पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावत असताना हा सिग्नलचे नियम घोकायचा. आणि रेल्वेची लेखी परीक्षा पास झाला. अंजनगावात पेढे वाटले गेले, आमच्या खोलीत कचोरी झाली. आता राहिली होती ती भुसावळची वैद्यकीय तपासणी. तिथे उंची, वजन, कान, सगळं बघत असत, पण खरी भीती डोळ्यांची. इंजिनावर घ्यायच्या माणसाची नजर बिनचष्म्याची आणि चोख लागते. चष्मा असेल तर इंजिन विसरायचं. हे आम्हाला त्यानंच इतक्या वेळा सांगितलं होतं की आम्हाला पाठ झालं होतं.

आमचा संध्याकाळचा अड्डा म्हणजे भाईंचं गेम पार्लर. भाईंचा पिढीजात धंदा गादीचा. आजोबा दारोदार कापूस पिंजत फिरायचे, वडिलांनी दुकान टाकलं, आणि भाईंच्या वाट्याला फोमच्या तयार गाद्यांचा जमाना आला. कापूस उशाशी ढिगानं पडलेला आणि गादी भरून घ्यायला कोणी येत नाही, अशी अवस्था. तेव्हा त्यांनी दुकानाचे दोन भाग केले. पुढे गाद्या, मध्ये पडदा, आणि पडद्यामागे एका ओळीत कॉम्प्युटर. आम्ही तिथे दोन टोळ्या करून एकमेकांवर गोळ्या झाडायचो. मशीन कमी, पोरं जास्त, म्हणून नंबर लावावा लागे. बाहेर गादीवर लोळत बसायचं, आणि भाई आतून ओरडायचे, "चल बे, तेरा नंबर लगा."

गादीच्या दुकानात कॉम्प्युटर ठेवण्याचा एक तोटा भाईंच्या लक्षात आला नव्हता. कापूस उडतो. बारीक तंतू पडद्याखालून आत जायचा आणि प्रत्येक कार्डाच्या पंख्यात जाऊन बसायचा. महिन्याभरात पंख्याला अशी गुबगुबीत दुलई तयार व्हायची की थंडीत पांघरावी. कार्ड तापायचं, चित्र अडकायचं, आणि अकोल्या-अमरावतीच्या उन्हाळ्यात तर मशीन सरळ बंद पडायचं. मी एकदा भाईंचा दाढीचा ब्रश घेतला, सगळे पंखे साफ केले, सायकलच्या पंपानं हवा मारली, आणि ज्यांना टाकाऊ म्हटलं होतं ती कार्डं पुन्हा धावायला लागली. भाईंनी ब्रशाबद्दल मला आठवडाभर ऐकवलं. पण माझ्या आयुष्याचा धंदा त्या ब्रशातून निघाला, आणि आजही गिऱ्हाइकाला नवं कार्ड विकण्याआधी मी जुनं उघडून बघतो. निम्म्या लोकांचं काम तिथेच होतं.

तर या पार्लरमध्ये ड्रायव्हर आमचा हुकमी खेळाडू होता. लांबून नेम धरावा तर त्यानंच. पण त्या वर्षी दिवाळीनंतर काहीतरी बिघडलं. हा खांबावर गोळ्या झाडायला लागला. एकदा रस्त्याच्या टोकाला उभा असलेला माझा माणूस त्यानं उडवला, मी त्याच्याच टोळीत असताना.

"अबे, मी होतो ना तो!" मी ओरडलो.

"दिसलंच नाई बे," तो म्हणाला. "ह्या कार्डात दूरचं सारं गिचमिड दिसते. नवं कार्ड पाह्यजे."

आणि वाद पेटला. त्याच सुमारास अकोल्याच्या एका पार्लरनं नव्या पिढीची कार्डं बसवली होती आणि आम्हाला सामन्याचं आव्हान दिलं होतं. ड्रायव्हरचं म्हणणं, नव्या कार्डाचा नंबर मोठा, म्हणजे नजर मोठी, अकोलेवाले आपल्याला लांबूनच टिपणार. माझं म्हणणं, आपला मॉनिटर तोच जुना डबा, त्याच्या काचेवर जेवढं मावतं तेवढंच दिसणार, मागे कार्ड कोणतंही लावा. शिवाय नवं कार्ड जुन्या मदरबोर्डात बसतच नव्हतं, खाचच वेगळी. कार्डासाठी बोर्ड बदला, बोर्डासाठी सप्लाय बदला, आणि एवढं करून दुपारी लोडशेडिंग आहेच. भाई दोघांचं ऐकून घेत आणि एकच प्रश्न विचारत, "वो सब ठीक है, लेकिन इसमें नया क्या है? मेरे को समझा के बोल. कायको इतना महंगा?"

यावर खरं तर तेव्हाही कोणाकडे सरळ उत्तर नव्हतं आणि आजही नसतं. "पाणी खरं वाटते भाई," एक जण म्हणाला. "सावली हलते," दुसरा म्हणाला. भाई म्हणाले, पाणी मेरे घर के नल में नहीं आता, कॉम्प्युटर में क्या करूँ? पण ड्रायव्हर ऐकेना. तो रोज तेच घेऊन बसला. मऊ बोलणारा मुलगा, पण या विषयावर चिडायचा, आवाज चढायचा. मला त्याचा राग यायचा, कारण मी मुद्दे मांडत होतो आणि तो नुसता हट्ट करत होता. शेवटी भाईंनी एका मशीनपुरतं मान्य केलं. एका जुन्या दुचाकीएवढा खर्च त्या एका मशीनवर झाला आणि गल्लीत बातमी पसरली.

पहिल्या दिवशी दुकानात लग्नघरासारखी गर्दी होती. मॉनिटरवर तळं दिसलं आणि त्यात ढग हलताना दिसले, तेव्हा मीही माझे मुद्दे विसरलो, हे मान्य करतो. गवताचं पातं न् पातं वेगळं होतं. भिंतीला पोपडे होते. आम्ही खेळायचं सोडून भिंती बघत फिरलो. नव्याची हौस म्हणतात ती काही खोटी नसते, डोळ्यांना सुख होतं, आणि सुखाला पैसे पडतातच. पण दोन-तीन दिवसांनी हिशेब निघाला तो असा की जे आधी जिंकायचे तेच अजूनही जिंकत होते. मी आधी जसा मरायचो तसाच आताही मरत होतो. फक्त पडताना माझी सावली फार सुंदर पडायची.

आणि ड्रायव्हर? तो आणखी वाईट खेळायला लागला. दाट गवतात शत्रू लपायला जागा झाली होती, धूर खऱ्यासारखा होता, आणि हा नाक काचेला टेकवून बसायचा. एकदा माझा नंबर त्याच्यानंतर होता, मी मागे उभा राहून बघत होतो. समोर ढळढळीत माणूस उभा, आणि हा शेजारच्या झाडावर नेम धरून बसलेला.

"ड्रायव्हर अपडेट कर ना ह्याचा," तो मागे न बघता म्हणाला. कार्ड चालवायला जे सॉफ्टवेअर लागतं त्यालाही ड्रायव्हर म्हणतात, त्याबद्दल तो बोलत होता.

मला राहवलं नाही. "कार्ड नवं हाये, त्याचा ड्रायव्हरही नवा हाये. आपलाच ड्रायव्हर खराब झाला!"

सगळे खो खो हसले. तो हसला नाही. माऊस ठेवून उठला, अर्धा वेळ शिल्लक असताना बाहेर निघून गेला. मला वाटलं, हरल्याचं लागलं असेल. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला आणि नंबर लावून बसला, तेव्हा मी विसरूनही गेलो.

दोन-तीन दिवसांनंतरची गोष्ट. त्याची आई अंजनगावहून आली. बाजारात पानांच्या टोपल्या पोचवायच्या आणि जाता जाता मुलाला बघून जायचं, असं ती महिन्यातून एखाद वेळी करायची. खोलीवर गेली तर हा नाही. घरमालकीण बाईंनी सांगितलं, तो नंबर लावायला गेला आहे, चौकापलीकडे. ही माउली विचारत विचारत भाईंच्या दुकानात आली. ड्रायव्हर पडद्याआड उभा राहून आतला खेळ बघत होता, मी पुढे गादीवर लोळत पडलो होतो, उठून नीट बसलो.

"भाऊ, माह्या पोराले नंबर लागला काय रे?" तिनं विचारलं.

"लागतेच आता, काकू," मी म्हटलं. "दोन नंबर हाये त्याचा."

ती मटकन समोरच्या गादीवर बसली. "दोन नंबर! बाप्पा! दोन्ही डोयाले?"

"डोयाले?" मला काही कळेना. "नाई काकू, मशीनवर."

"तेच म्हणून राहिली ना मी. आता सारे मशीनवरच पाहतेत." तिनं पदर तोंडाला लावला. "म्या दिवाईतच सांगतलं होतं त्याले, डोये दाखव म्हून. पानं निवडाले बसला तं कवयं पान कोणतं आन जून कोणतं, हातानं चाचपून पाहे. मले तवाच शंका आली. मले म्हणे काई नाई, दिव्याचा उजेड कमी हाये. गाद्यायच्या दुकानात डोये तपासतेत म्हणून मले नवलच वाटलं, पण म्हटलं शहर हाये, असन बाप्पा." आणि मग एकदम हळू आवाजात, "मंग रेल्वेचं कसं होईन रे आता?"

खांब, झाड, माझा माणूस, काचेला टेकलेलं नाक, सगळं एका क्षणात समोर उभं राहिलं. मान वळवून बघितलं तर पडदा धरून ड्रायव्हर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. भाईही मागे होते. आतून कोणाच्या तरी मशीनवर गोळ्यांचा आवाज चालू होता.

"चल," भाई म्हणाले. "मेरे साडू का चश्मे का दुकान है. चल, अभी चल."

तो यायलाच तयार नव्हता. त्याचं म्हणणं, नंबर काढला की नंबर लागतो. जोवर कोणी मोजलं नाही तोवर नाहीच. एरवी मी यावर पोटभर हसलो असतो. आईनं त्याचा हात धरला, मग तो निघाला. चष्म्याच्या दुकानात त्याला खुर्चीवर बसवलं, समोर दूर तक्ता होता. साडूंनी दिवा लावला आणि वाचायला सांगितलं. यानं छाती पुढे काढली आणि धडधड म्हणायला सुरुवात केली. "ई. एफ, पी. टी, ओ, झेड. एल, पी..." अगदी तळच्या ओळीपर्यंत, एक चूक नाही. मी आनंदानं भाईंचा खांदाच धरला. साडू मात्र शांतपणे त्याच्याकडे बघत होते.

"बेटा," ते म्हणाले, "मैंने मराठीवाला लगाया है."

तक्त्यावर क, ख, ग होतं. इंग्रजी तक्ता त्यानं भुसावळसाठी पाठ करून ठेवला होता. दुकानात पहिला हसला तो तोच. हसता हसता त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. काही वेळानं आम्हाला कळलं की तो आता हसत नाहीये. त्याची आई उठली आणि त्याच्या खुर्चीशेजारी जाऊन उभी राहिली.

पुढे सगळं रीतसर झालं. साडूंनी नाकावर ती लोखंडी जड चौकट चढवली, काचा घालत गेले, काढत गेले. दोन नाही, पण दोनच्या जवळपास निघाला, दोन्ही डोळ्यांना, आणि वर तिरका नंबरही, म्हणून जवळचंही पुसट दिसत होतं. मी अजाणता सांगितलेलं खरंच ठरलं, याचं मला फार वाईट वाटलं. त्यांनी चौकट तशीच ठेवून त्याला दारात नेलं आणि रस्त्यावर नजर टाकायला सांगितलं. तो कितीतरी वेळ बघत राहिला. समोरच्या पाट्या वाचल्या. फळवाल्याच्या गाडीवरची संत्री बघितली. आईकडे वळून बघितलं, आणि तिला म्हणाला, "तुह्ये केस इतके कवा पिकले वं?"

चष्मा तयार होऊन आल्यावर आम्ही त्याला घेऊन पार्लरमध्ये गेलो. त्यानं नव्या कार्डाच्या मशीनवर खेळून बघितलं, मग कोपऱ्यातल्या सर्वांत जुन्या मशीनवर, मग पुन्हा नव्यावर. आम्ही सगळे मागे उभे. वऱ्हाडात तरी ती दोन्ही कार्डं अंधुक आणि चांगल्या अशा दोन्ही नजरांनी तपासलेला तो एकटाच माणूस होता. भाईंनी विचारलं, बोल बेटा, पैसा वसूल हुआ क्या?

"नव्यात गवत लय भारी दिसते, भाई," तो म्हणाला. "पण माणूस जुन्यातही दिसते."

भाचीबाई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. इतक्या वर्षांत मला याहून नेमकं उत्तर सापडलेलं नाही. गवत बघायचं असेल तर खुशाल घे, गवतही बघावं माणसानं. पण खेळात मार खातेस म्हणून घेत असशील तर आधी दुसरीकडे बघ.

अकोल्याचा सामना त्यांच्याच पार्लरमध्ये झाला. त्यांच्याकडे सगळी कार्डं नवी, मॉनिटर मोठे, वर कूलर. ड्रायव्हरनं बसल्या बसल्या सेटिंगमध्ये जाऊन गवत बंद केलं, सावल्या बंद केल्या, पाण्यातले ढग घालवले. अकोल्याचा पार्लरवाला कळवळून म्हणाला, "अरे, इतकं महागाचं कार्ड घेतलं म्या, तू सारं काहून काढून टाकून राहिला?"

"निंदन केलं," हा म्हणाला. शेतातलं तण काढावं तसं. मोकळ्या, ओक्याबोक्या मैदानावर त्यानं अकोल्याची पोरं एकेक करून टिपली. आम्ही जिंकलो, आणि घर अकोल्यात असूनही मी सगळ्यांत मोठ्यानं ओरडलो.

पण भुसावळ अजून बाकी होतं. मीच त्याला म्हटलं, चष्मा खिशात ठेव, तक्ता पाठ आहे, तिथे मराठी लावणार नाहीत, जाऊन तर बघ. मला त्याचं इंजिन त्याच्याहून जास्त हवं होतं असं तेव्हा वाटायचं. तो चष्मा शर्टाच्या टोकानं पुसत राहिला.

"छोटी गाडी असती तं गेलो असतो बे," तो म्हणाला. "म्हैस दिसली नाई तं म्हैसच आवाज देते. पण मोठ्या गाडीत लोकं ड्रायव्हरच्या भरोशावर झोपून असतेत."

बोलावणं आलं होतं, आणि वडिलांना न जाता नाही म्हणणं त्याला जमणार नव्हतं. म्हणून तो गेला, सोबत मी. तपासणीच्या खोलीत त्यानं आपणहून चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सांगून टाकलं. पाच मिनिटांत बाहेर आला. दुपारच्या पॅसेंजरनं आम्ही परत निघालो आणि माझ्या आईच्या हातचं जेवून मग पुढे अमरावतीला जाऊ म्हणून अकोल्याला उतरलो. पुढच्या डब्यातच बसलो होतो, तेव्हा उतरलो ते इंजिनाजवळच. तो थांबला. मीही थांबलो.

इंजिनाच्या खिडकीत खराखुरा ड्रायव्हर रेलून उभा होता. पन्नाशीचा, पांढऱ्या मिशांचा माणूस, गळ्यात रुमाल, आणि डोळ्यांवर चांगला जाड चष्मा.

माझा मित्र बघतच राहिला. "काका," त्यानं खालून हाक मारली, "तुमाले तं चष्मा हाये!"

"मग?" ड्रायव्हर हसला. "नोकरीत असतानी लागला. आता हे रेल्वेवालेच तपासून देतात. नोकरीवर लागायच्या वेळी नव्हता ना बाबू. तवा डोये गरुडावानी होते."

माझ्या मित्रानं मान डोलावली, जणू एवढीच चौकशी करायची होती. मग त्याची नजर फलाटाच्या टोकाकडे गेली, तिथून आणखी पुढे गेली. मला तिकडे नुसतं ऊन दिसत होतं.

"काका, सिग्नल झाला तुमचा," तो म्हणाला.

ड्रायव्हरनं वळून बघितलं, हात वर केला, शिटी दिली, आणि गाडी हलली. शेवटचा डबा निघून जाईपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो. मी उगाच पिशवीचा बंद सोडून पुन्हा बांधत बसलो. त्यानंच माझ्या पाठीवर थाप मारली.

"त्याचा नंबर आधी लागला, मंग डोयाले नंबर लागला," तो म्हणाला. "माह्यं उलटं झालं. चाल, भूक लागली."